मिस्त्रीमामांचा कान

सुरतेजवळच्या उधन्यात गिरणीचा भोंगा आणि माझ्या बायकोचे मामा असे दोन आवाज असताना लोक पैसे देऊन वर्तमानपत्र का घ्यायचे, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मामांनी सकाळी "चहा व्हयना का?" म्हणून मामींना विचारलं की पुढच्या दोन गल्ल्यांतल्या बायका आपापल्या चुलीवर आधण ठेवायच्या. आजाऱ्याची चौकशी ते अशी करायचे की बिचारा धास्तीनेच उठून बसावा. माझ्या सासऱ्यांना मूळव्याध झाल्याची अत्यंत खाजगी बातमी त्यांनी रेल्वे फाटकाच्या अलीकडून पलीकडे माझ्यापर्यंत पोचवली होती, आणि मधून जाणाऱ्या मालगाडीला त्यातला एक शब्दही अडवता आला नव्हता.

तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार म्हणा! मामा एका कारखान्यात मिस्त्री, म्हणजे बिघडलेल्या मागांचे वैद्य. नुसत्या आवाजावरून ते मागाचं दुखणं सांगतात अशी त्यांची कीर्ती पार पर्वत पाटियापर्यंत गेली होती. ती नेण्याचे कष्टही बहुतांशी त्यांनी स्वतःच घेतले होते. अडचण एवढीच, की ते कान कधीच बंद पडले होते. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मान्य नव्हतं ते फक्त मामांना. "लोकेच आजकाल हळू बोलतंस," असं त्यांचं निदान. कारखान्याच्या शेठना मात्र हे कळून चालणार नव्हतं. शेठ मोठे दयाळू. ज्याचे डोळे-कान मंदावले त्याला ते हार घालून, पेढे भरवून, अगदी रिक्षात बसवून कायमचे घरी पाठवायचे. त्या वर्षी असे दोघे हार घालून घरी आले होते, आणि मामांची धाकटी लेक अजून लग्नाची होती.

अशात शेठच्या मुलीने एका नृत्यनाटिकेत राधेचं काम केलं आणि कारखान्यातल्या जुन्या माणसांना सहकुटुंब पास आले. "मामांना ताप आलाय म्हणून कळवू," असं मी सुचवलं. घरात माझ्या सूचनांना जो मान मिळतो तोच याही सूचनेला मिळाला, म्हणजे मामींनी मला पिशवी धरायला दिली. ठरलं असं, की मामांनी तोंड उघडायचं नाही, आणि उघडलंच तर शेजारी बसलेल्या मामींनी चिमटा काढायचा. रविवारी दुपारी आम्ही ठेवणीतले कपडे घालून सभागृहात पोचलो. जागा मिळाली ती बरोबर शेठच्या मागे. माझं नशीब अशा बाबतीत कधी चुकत नाही.

नाटिकेत शब्द एकही नव्हता. सगळा कारभार हातांच्या मुद्रांचा आणि डोळ्यांचा. मी चार पुस्तकं वाचलेला माणूस म्हणून घरात ओळखला जातो. मला पहिली पंधरा मिनिटं राधा कुठली आणि गाय कुठली हेसुद्धा कळलं नाही. मामांना मात्र पहिल्या मिनिटापासून सगळं कळत होतं. लूमच्या खात्यात ओरडून उपयोग नसतो. तिथे धागा तुटला, पाणी प्यायला चल, शेठ येतोय, हे सगळं हातांनी बोलतात. तीस वर्षं याच भाषेत भांडलेल्या माणसाला राधा ती काय अवघड! "ती म्हनस, मथुराले जाऊ नको," मामांनी आख्ख्या सभागृहाला सांगितलं. "हळू बोला ना, लोके दखी राहिनात," मामी पुटपुटल्या आणि पहिला चिमटा खर्ची पडला.

आणि ऐन निरोपाच्या प्रसंगी कॅसेट अडकली. बासरी कुंईऽ करून गप्प झाली. शेठची पोर थबकली नाही, नाचत राहिली. पण सभागृहात नुसते घुंगरू ऐकू येऊ लागले आणि मग कुजबुज सुरू झाली. ओठांशी बासरी धरल्याची मुद्रा दिसली आणि नेमकं तेव्हाच मामांना राहवलं नाही. "वाऽ! काय बासरी वाजाडी राहिना भो!"

शेठची मान वळली. मामींनी घाईघाईत चिमटा काढला, तो माझ्या बायकोला. आणि मी, रेशनच्या रांगेत मागच्याला पुढे जाऊ देणारा माणूस, कसा कोण जाणे उभा राहिलो आणि ओरडलो, "वा! घुंगरांतून बासरी ऐकवली पोरीने!" वर टाळ्याही वाजवल्या. दोघे जण एवढ्या आत्मविश्वासाने ओरडतात म्हणजे जाणकारच असणार, असं समजून सभागृहानेही टाळ्या धरल्या. पुन्हा बासरी सुरू होईपर्यंत ती पोर त्या टाळ्यांवर नाचली.

मध्यंतरात शेठ स्वतः आले. डोळे ओले. मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मिस्त्री, कहेवुं पडे! कान तो तमारा!" म्हणजे मानलं, कान असावेत तर तुमच्यासारखे. मामांना अर्थातच काही ऐकू आलं नाही. त्यांनी हात जोडले आणि कुठल्याही वाक्याला चालणारं उत्तर दिलं, "बठ्ठी तुमनीच कृपा!"

परतताना बायका एका रिक्षात बसल्या, मामा आणि मी दुसऱ्या. उधना दरवाजापर्यंत मामा आपल्या हातांनी राधेच्या मुद्रा करून बघत होते. मग त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, कुजबुजायचा प्रयत्न केला.

"जवाईबापू, बासरी बंद पडेल व्हती ना? शेठनी मान फिरनी तव्हयच माले समजनं."

मी होकाराची मान हलवली.

"कान कव्हयच ग्यात. आते मी मागवर तळहात ठेवस, मंग समजस त्याले काय दुखस ते. कोनले सांगानं नही."

पुढे बसलेल्या रिक्षावाल्याने आरशातून मान डोलावून वचन दिलं.

मामा माझ्याकडे आणखी सरकले. मग म्हणाले, "त्या पोरना घुंगरू कसा वाजी राहिंथात? सांगा ना."

आता हे कसं सांगायचं? मी त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर ओढून घेतला आणि तळहातावर बोटांनी वाजवू लागलो. मला ताल कळत नाही. लग्नात माझ्या टाळ्यासुद्धा वरातीच्या मागे पडतात. मी जे वाजवलं ते त्या पोरीच्या पायांत नव्हतं, एवढं नक्की. मामा मात्र डोळे मिटून ऐकत होते. उधना आलं, रिक्षा थांबली, रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं, आणि मामा त्याला दुसऱ्या हाताने खूण करत होते, जरा थांब.