कच्चं म्हणून परत ठेवलेलं

हिरवं दिसलं की हात मागे घ्यायचा. शिंपलेवालीने हा नियम सासूकडून घेतला होता आणि बत्तीस वर्षं तो डोळे झाकून पाळला होता.

तिचा खडक ओहोटीला दोन तास उघडा पडे. तेवढ्या वेळात चपट्या सुरीने शिंपली सोडवायची. एखाद्याची कड वाकडी असे, तोंड नीट मिटत नसे आणि फटीतून हिरवट गर दिसे. ते कच्चं. चुकून हाती आलंच तर ती ते दाट घोसाच्या मधोमध खोचून ठेवी. चांगल्या संगतीत लवकर पिकेल.

यंदा टोपलीत पडण्यापेक्षा घोसात परत जाणारीच जास्त झाली. तिच्या गुडघ्यांनी तर केव्हाच हात टेकले होते. पुढच्या हंगामापासून खडक सुनेचा. असला खडक तिच्या पदरात कसा घालायचा? म्हणून सुनेला घेऊन, चार शिंपली डब्यात भरून ती तपासणी केंद्रात गेली.

तिथल्या बाईने एक शिंपलं उघडलं, गराचा कण काचेवर घेतला आणि बराच वेळ भिंगातून पाहिलं.

"मावशी, हे कच्चं नाही. आजारी आहे. आत शेवाळ शिरलंय. ते गरातच राहतं, गरावरच जगतं. कवच वाकडं होतं ते त्यानेच."

"म्हणजे घरजावई," सून म्हणाली.

बाई हसली. शिंपलेवाली हसली नाही. "मग पिकतं कधी?"

"पिकत नाही. शेजारच्यांना मात्र लागतं. बाकीच्या खडकांवर तुरळक आहे, तुमच्याच खडकावर एवढं कसं पसरलं, तेच कळत नाही."

शिंपलेवालीला कळलं होतं. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. टेबलावरचं शिंपलं उघड्या तोंडाने पडलं होतं. सुनेने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"मी ठेवत होते परत," शिंपलेवाली म्हणाली. "घोसात. सासूने सांगितलं होतं."

बाईचं पेन थांबलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने नुसतं समजावलं: हिरवी सगळी काढा, किनाऱ्यापासून दूर नेऊन पुरा, पाण्यात टाकू नका. खडक वाचेल का, ते दोन-तीन वर्षांनी कळेल.

वाटेत सून म्हणाली, "सासूचा शब्द मोडायला मला जन्म लागला असता. तुम्ही अर्ध्या तासात मोडलात."

"तुझ्या सासूने अजून मोडायला दिलाय कुठे?"

दुसऱ्या दिवशी ओहोटीला दोघी खडकावर उतरल्या. सून सुरी घ्यायला पुढे झाली.

"राहू दे. मी लावलीत, मीच काढते."

गुडघे टेकून ती काढत राहिली. काही तिच्या ओळखीची होती. अमुक खाचेतलं, तमुक कपारीतलं. बादली निम्मी भरली तेव्हा एक वाकडं शिंपलं हाती आलं आणि हात आपसूक घोसाकडे गेला. मध्येच थांबला. सुनेने बादली पुढे सरकवली.

"आई, पुढे माझ्या सुनेला काय सांगू?"

तिने शिंपलं बादलीत टाकलं.

"सांग, उघडून बघ म्हणावं. आजेसासूने सांगितलेलंसुद्धा."

पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं. अर्धा खडक अजून बाकी होता.