जेजुरकर बाईंचा अर्ज

तहसील कचेरीच्या भिंतीलगत टेबल मांडून मी सत्तावीस वर्षे अर्ज लिहीत आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी वकील मंडळीही अधूनमधून माझ्याकडून मजकूर तपासून नेतात, हे येथे नमूद करणे भाग आहे. माझ्याकडे येणारे लोक अर्ज वाचत नाहीत. मी बोट ठेवतो तेथे सही करतात. एकट्या प्राध्यापक वनिता जेजुरकर मात्र कागद हातात घेऊन उन्हात उभ्या राहत आणि ओठ हलवीत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचत.

पहिल्या भेटीत त्यांच्या वडिलांच्या मखमलाबादच्या फुलशेतीच्या सातबाऱ्याचे काम होते. मी लिहिलेले ‘अत्यंत हलाखीची परिस्थिती’ हे शब्द त्यांनी खोडले.

“भाऊसाहेब, आमचं बरं चाललंय की.”

“बाई, असे लिहावे लागते. त्याशिवाय फाइल हलत नाही.”

“मग नाही हलली तरी चालेल.”

मला राग आला. अर्ज आठवड्यात मंजूर झाला, त्याचा अधिकच आला.

पुढे त्या कचेरीकडे आल्या की माझ्या टेबलावर शेवंतीची जुडी ठेवून दोन घटका बसू लागल्या. कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत. डोंगरापलीकडच्या एका गावात गरम पाण्याचे कुंड आहे. हात भाजेल अशा त्या पाण्यात एक जीव राहतो आणि त्याला प्रयोगशाळेच्या बशीत कितीही खाऊपिऊ घातले तरी तो वाढत नाही, हे मला त्यांच्याकडून कळले.

“मग तो आहे हे कशावरून?” मी विचारले.

“समजा, तुमच्या टेबलावरचे सगळे अर्ज कुणी फाडून एका पोत्यात भरले, आणि मला म्हणालं, यातला एकाचा अर्ज जुळवून दाखव. तसं माझं काम. पाण्यातल्या सगळ्यांचा डीएनए एकदम वाचायचा आणि एकेकाचे तुकडे लावत बसायचं. माणूस कधी भेटलेला नाही, पण अर्ज वाचून ओळखीचा झालाय.”

त्या जिवाचा उल्लेख त्या आदरार्थी करीत. “ते आपल्याकडे येणार नाहीत, आपणच त्यांच्याकडे जायचं,” हे त्यांचे नेहमीचे वाक्य. विद्यार्थिनी हसत, “बाई जंतूंनाही अहो-जाहो करतात.” त्यावर बाई म्हणत, “तुमच्यापेक्षा वयानं मोठे आहेत गं ते.”

त्यांचा पहिला नमुना वाचता वाचता संपला. त्या जिवाचा डीएनए बराच जुळला होता, मध्ये काही जागा राहिल्या होत्या. आणखी एक नमुना मिळाला की तो पूर्ण होणार होता. त्याच सुमारास बाईंना रक्ताचा आजार निघाला. त्यांना घाई होती, ती एवढ्याचसाठी.

या वेळी ग्रामपंचायतीने लेखी अर्ज मागितला. बाईंनी मला चार ओळी सांगितल्या: थोडे पाणी व गाळ अभ्यासासाठी नेण्यास परवानगी मिळावी. चार ओळींना कोण विचारणार, असे मला वाटले. मी दुसऱ्या पानावर माझ्या पद्धतीने परिच्छेद जोडला: ‘सदर कुंडात विज्ञानास अज्ञात असे असंख्य जंतू असून, भाविकांच्या आरोग्याच्या दृष्टीने तातडीने दखल घेणे आवश्यक आहे.’ एक प्रत आरोग्य खात्यालाही लावली.

त्या दिवशी बाई द्वारका चौकातल्या वाहतुकीत अडकून उशिरा आल्या. पुढे दवाखान्यात तपासणी होती. पहिले पान वाचून त्यांनी विचारले, “दुसऱ्यावर काय आहे?”

“नेहमीचेच, बाई. विनंती आणि आपला पत्ता.”

त्या हसल्या. न वाचता सही केली.

पुढचे त्यांच्या विद्यार्थिनीने मला सांगितले. बाटल्या घेऊन सर्व जणी कुंडावर पोहोचल्या, तेव्हा सरपंच नारळ घेऊन उभे होते. “मॅडम, लय उपकार झाले तुमचे. पाणी उपसलं, गाळ खरवडला, तीन दिवस ब्लीचिंग पावडर मारली. एक जंतू ठेवला नाय!” बाईंनी नारळ घेतला. आभार मानले. तेथल्या पायरीवर बराच वेळ बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि माझ्याकडे राहिलेली अर्जाची स्थळप्रत मागितली. दुसरे पान उभ्यानेच वाचले.

“फाइल हलावी म्हणून, बाई...”

“हो. हलली,” त्या म्हणाल्या. पान टेबलावर ठेवीत म्हणाल्या, “सही माझी आहे, भाऊसाहेब.”

त्यानंतर विद्यार्थिनींनी दोनदा पाणी आणले. त्यात तो जीव नव्हता. मी मखमलाबादला घरी भेटायला गेलो, तेव्हा बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी संगणकावर मला अक्षरांच्या लांबच लांब ओळी दाखवल्या. मध्येच ओळ तुटत होती.

“इथे काय होते?” मी विचारले.

“माहीत नाही. कदाचित जमिनीखालून पुन्हा वर येतील ते. पण तोवर मी नसेन.”

“आजूबाजूच्या मजकुरावरून अंदाजाने भरता येणार नाही?”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला बरे वाटले असते.

“नाही हो. माहीत नाही तिथे मोकळंच ठेवायचं.”

महिन्याभरात त्या गेल्या. कॉलेजातल्या शोकसभेत मला बोलण्याची विनंती झाली. मी चार पाने लिहून नेली होती. उभा राहिल्यावर ती उघडवली नाहीत. मी एवढेच सांगितले, की कुंडाच्या अर्जातला तो परिच्छेद माझा होता, बाईंनी विचारले असता मी खोटे सांगितले, आणि त्यांचे काम माझ्यामुळे अपुरे राहिले. मग खाली बसलो.

बाहेर त्यांचे धाकटे भाऊ भेटले. ते अजून फुलांचाच व्यवसाय करतात. ते चपलेत पाय घालून तसेच थांबले होते.

“तुम्ही लिहिलं होतं व्हय ते?” ते म्हणाले. “आम्हाला काय ठावं. आम्ही लय खोदून विचारलं तिला. ताई म्हणायची, घाईत माझ्याच हातून लिहिलं गेलं.”