संध्याकाळचे पाय

एखाद्या दुकानात माणसं वारंवार जायला लागली की तिथली वाक्यं घरी घेऊन येतात. जेवताना सांगतात, दुसरा त्यात आपलं एक वाक्य घालतो, आणि काही वर्षांनी बघावं तर साध्या बुटांचेही इतके किस्से जमलेले असतात की कुठला आधी सांगावा कळत नाही. आमचं तसंच झालं. आम्ही म्हणजे चंदीगडच्या एका केंद्र सरकारी ऑफिसातली तीन मराठी माणसं. आमचे साहेब कुलथे, संगमनेरचे. गजानन वानखडे, दर्यापूरचा. आणि मी, साताऱ्याची. पहाडातल्या नद्यांचं पाणी मोजणं हे आमचं काम. वर्षातले चार-पाच महिने दगडांतून आणि बर्फातून चालायचं. म्हणून बूट, आणि बूट म्हटले की मास्टर बचनसिंग.

सेक्टर बावीसच्या मार्केटमागे जिन्याखाली मावेल एवढं त्यांचं दुकान होतं. सत्तरीचे मास्टरजी, पांढरी दाढी, पगडीत खोचलेली पेन्सिल. पंजाबात तेव्हा दहशतवादाचे वाईट दिवस होते. चौकाचौकात वाळूची पोती रचलेली, बसमध्ये चढताना पिशव्या उघडून दाखवायच्या, अंधार पडायच्या आत सगळं शहर घरात. पण मास्टरजींच्या दुकानात शिरलं की चामड्याचा आणि मेणाचा वास यायचा आणि बाहेरचे आवाज दूर जायचे. पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं.

* * *

मी तिथे पहिल्यांदा गेले ती लंगडत.

आमच्या ऑफिसात फील्डवर जाणारी मी पहिलीच बाई. स्टोअरमध्ये बुटांचा सगळ्यात लहान नंबर सात, आणि माझा पाय चारचा. स्टोअरकीपरने भल्या मनाने सांगितलं, पुढे कापूस भरा मॅडम. मी भरला. किन्नौरच्या उतारावर तिसऱ्या दिवशी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. मी कुणाला बोलले नाही, कारण बोलले असते तर पुढच्या वेळी मला ऑफिसातल्या टेबलाशी बसवलं असतं. वानखडेने माझं चालणं पाहिलं. माझी सॅक स्वतःच्या सॅकवर बांधली, आणि चंदीगडला परतल्यावर थेट मास्टरजींकडे घेऊन गेला.

त्याआधी मी मार्केटभर फिरून आले होते. लेडीजसाठी बूट येत नाहीत, असं सगळीकडे ऐकलं होतं. मास्टरजींनी बाईला बूट कशाला, हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, चढाई जास्त की उतराई? मी म्हटलं, जेवढं चढतो तेवढं उतरतो. त्यावर त्यांनी मान हलवली आणि सांगितलं, बोटं मरतात ती उतरताना.

मग फील्डवरचे जाड लोकरी मोजे घालायला लावले. मी खुर्चीत बसून पाय पुढे केला, तर ते म्हणाले, "खड़ी हो जा बेटी, भार डाल. बैठे हुए पैर का जूता बैठने के ही काम आता है."

कागदावर दोन्ही पाय वेगवेगळे काढले. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा आहे हे मला सव्वीस वर्षांत माहीत नव्हतं. मग चामड्याचे तीन तुकडे पुढे टाकले आणि अंगठ्याने दाबून बघायला सांगितलं. पहिला भारी चमकत होता, पण दुमडल्यावर चमक तडकली. दुसरा दबलाच नाही. तिसऱ्यावर बारीक सुरकुत्या उठल्या आणि हळूहळू विरल्या, आईच्या हाताच्या मागच्या कातडीसारख्या. मी तो उचलला. मास्टरजींनी बाकीचे दोन तुकडे मागे ठेवून दिले.

तीन आठवड्यांनी बूट झाले. भिंतीला टेकवलेल्या फळीवर त्यांनी मला उताराकडे तोंड करून उभं केलं. बोटं पुढे टेकली नाहीत. बाहेर अमलतास, म्हणजे आपला बहावा, पिवळाधमक फुलला होता. मी फळीवरून उतरायला विसरले. डोळ्यांसमोर ती किन्नौरची वाट खाली खाली जात होती आणि कुठेच दुखत नव्हतं.

* * *

मास्टरजींचा एक नियम होता. माप संध्याकाळी घ्यायचं. सकाळी पाय आखडलेला असतो, दिवसभर चालून तो पसरतो, आणि बूट त्या पसरलेल्या पायाला बसायला हवा.

पण त्या वर्षांत संध्याकाळच नव्हती. चार वाजले की शटरं खाली यायची. मास्टरजींना तर शहराबाहेर, खरड गावी घरी जायचं असायचं, त्यांची बस त्याहून आधी. मग त्यांनी उपाय काढला. गिऱ्हाईक आलं की त्याला मार्केटला दहा चकरा मारायला पाठवायचे आणि परतल्यावर माप घ्यायचे.

असेच एका दुपारी कुलथेसाहेब आणि मी मार्केटला गोल गोल फिरत होतो. हिवाळा होता, धुकं पुरतं उठलं नव्हतं, समोरून येणारा माणूस आधी पायांनी दिसायचा. साहेब संगमनेरच्या थंडीबद्दल सांगत होते. सहाव्या चकरेला बंदुकवाल्या शिपायाने आम्हाला थांबवलं. इथे सारखे का फिरताय, काय बघताय? साहेब घाबरले. ऑफिसचं कार्डही त्यांनी घरी ठेवलेलं. शेवटी त्यांच्या तोंडून खरं तेच निघालं.

"पैरों की शाम कर रहे हैं जी."

शिपायाने साहेबांच्या पायांकडे पाहिलं. मग विचारलं, "बचनसिंग के पास?" आणि बाजूला झाला.

* * *

साहेबांचा त्या दिवशीचा दुसरा किस्सा मापाचाच.

कॉलेजात असल्यापासून आपला नंबर आठ, असं साहेब सांगायचे. मास्टरजींनी मोजला तर साडेनऊ. साहेबांना ते फार लागलं. पाय काय पन्नाशीत वाढतो का, म्हणाले. मास्टरजींनी शांतपणे सांगितलं, वाढत नाही, पण वजनाने पसरतो. साहेब ऐकेनात. आठच करा म्हणून निघून आले.

बूट आले. साहेब घालून फळीवर चालले, खाली उतरले, पुन्हा चढले. चेहरा उजळला. आत मारलेला आठचा शिक्का त्यांनी आम्हाला दाखवला. मी मास्टरजींकडे पाहिलं. ते सुईत दोरा ओवत होते.

पुढच्या दिवाळीत साहेब पुण्याला गेले आणि एका लग्नासाठी तिथल्या दुकानातून न घालून बघताच आठ नंबरचे बूट उचलले. परत आले ते चपलेत. वानखडेने विचारलं, काय झालं? साहेब म्हणाले, "पुण्यात आठ नंबर फार लहान करतात हो आता."

आम्ही दोघंही हो म्हणालो.

* * *

निंबाळकर एअरफोर्समध्ये होते, लेहकडे माल नेणारी विमानं उडवायचे. गणपतीच्या निमित्ताने त्यांची आमची ओळख झाली. त्यांच्या बायकोला, शैलावहिनींना, लग्नाच्या वाढदिवसाला त्यांना हातशिलाईचे बूट द्यायचे होते, तेही न सांगता. मास्टरजी म्हणाले, पायाशिवाय माप कसं घेऊ?

वहिनींनी युक्ती केली. निंबाळकर अंघोळ करून बाहेर येतील तिथे वर्तमानपत्र पसरलं. ओले पाय उमटले, वहिनींनी काजळाच्या पेन्सिलीने कडा गिरवल्या, आणि तो कागद घेऊन आम्ही दोघी दुकानात गेलो.

मास्टरजींनी कागद उजेडात धरला, बराच वेळ. मग विचारलं, तुमच्या मिस्टरांचा उजवा गुडघा कधीपासून दुखतोय?

वहिनी म्हणाल्या, त्यांचं काहीच दुखत नाही. मास्टरजींनी बोट ठेवून दाखवलं. डावी टाच भरून उमटली होती. उजवीचा नुसता काठ होता. हा पाय जमिनीला घाबरतोय, एवढंच ते म्हणाले.

परतताना रिक्षात वहिनींनी तो कागद घड्या करून पर्समध्ये ठेवला. गुडघा दुखतो हे कळलं तर निंबाळकरांचं उडणं बंद होणार, हे त्यांना माझ्याआधी समजलं होतं. दोन दिवस त्यांनी तो कागद कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर निंबाळकरांपुढे उलगडला. आठ महिने ते लपवत होते. त्या रात्री नवरा-बायको काय बोलले ते मला माहीत नाही, पण सोमवारी निंबाळकर आपल्या पायांनी डॉक्टरकडे गेले. ऑपरेशन झालं, वर्षभर जमिनीवर बसावं लागलं, मग पुन्हा उडायला लागले.

पुढे मेसमध्ये निंबाळकर सांगायचे, "सगळ्या मेडिकल बोर्डातून सुटलो. बुटवाल्याने पकडलं."

* * *

वानखडे तसा नीटनेटका, पण एकदा नवे बूट बसस्टँडच्या बाकावर विसरला. आठवलं तेव्हा तो सेक्टर चौतीसला पोचला होता. धावत परत गेला तर बसस्टँड रिकामा. दोरी बांधलेली, लांबवर गर्दी, आणि मधोमध बाकाशी वाळूच्या पोत्यांच्या वर्तुळात त्याची खाकी पिशवी.

त्या काळात बॉम्बच्या भीतीने बेवारस पिशवीला कुणी हात लावत नसे, आणि ते बरोबरच होतं. वानखडे दोरीशी गेला आणि फौजदाराला म्हणाला, माझे बूट आहेत ते. फौजदाराने त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं. नंबर कोणता? सात. रंग? तपकिरी. नाड्या? मेण लावलेल्या. किती जोड भोकं? वानखडेला आठवेना. तिथेच डोळे मिटून तो हवेत बूट बांधायला लागला. एक, दोन, तीन, असं करत सातापर्यंत आला.

जाड चिलखत घातलेला एक माणूस लांब काठीने पिशवी उघडत होता. वानखडे सांगतो, तेवढ्या वेळात मले वाटलं, खरंच त्यात माहे बूटच हायेत ना?

एक बूट बाहेर पडला, मग दुसरा. चिलखतवाल्याने गुडघ्यावर बसून भोकं मोजली आणि सात बोटं वर केली.

पुढच्या आठवड्यात तो फौजदार मास्टरजींच्या दुकानात माप द्यायला उभा होता. वानखडेसारखेच पाहिजेत, म्हणाला.

* * *

वानखडेची आई दर्यापूरहून आली तो तिचा पहिलाच हिवाळा इकडचा. टाचा फुटून रक्त यायचं, तरी बूट घालायला तयार नव्हती. जन्मभर शेतात अनवाणी, नाहीतर चपलेत. आम्ही तिला फिरायला म्हणून बाहेर काढलं आणि दुकानात नेलं.

मास्टरजी खाली वाकले तशी तिने पाय लुगड्यात ओढून घेतले. "नोका बापा, तुमी मोठे हा. माह्या पायाले हात नोका लावू."

मास्टरजींना शब्द कळले नाहीत, पण कशासाठी म्हणतेय ते कळलं. ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि वाट बघायला लागले. पाच मिनिटं गेली असतील. मग तिने वाकून आधी त्यांच्या पायांना हात लावला, आणि फिटंफाट झाल्यासारखी कागदावर उभी राहिली.

तिचा पाय एका कागदात मावला नाही. पंजा इतका रुंद पसरलेला की बाजूला दुसरा कागद जोडावा लागला. मास्टरजी वानखडेला म्हणाले, "ऐसा खुला पैर शहर में नहीं मिलता. इसे किसी जूते ने बिगाड़ा नहीं."

वानखडेने आईला त्याचा अर्थ सांगितला. ती लाजली, आणि संध्याकाळपर्यंत लाजत होती.

* * *

आता मास्टरजींचा स्वतःचा.

बारा महिने ते रबरी चपलेत असायचे. एकदा मी विचारलं, स्वतःला एक जोड का नाही करत? ते म्हणाले, आपलं माप आपल्याला घेता येत नाही. वाकलं की भार सरकतो, पाय बदलतो. फाळणीआधी, सरहद्दीपलीकडे सियालकोटला असताना वडिलांनी घेतलं होतं, ते शेवटचं.

मी म्हटलं, मी घेते. त्यांनी पगडीतली पेन्सिल काढून दिली आणि कागदावर उभे राहिले. त्यांच्या पायाभोवती पेन्सिल फिरवताना अंगठ्याशी ती जरा कलली. वर पाहिलं तर त्यांनी डोळे मिटले होते.

महिनाभर ते तो जोड करत होते, इतर कामं संपवून, हळूहळू. मग एका सोमवारी दुकान बंद दिसलं. मंगळवारी, बुधवारीही बंद. गुरुवारी वानखडे, साहेब आणि मी खरडला त्यांच्या घरी गेलो. मुलगा ट्रक घेऊन आसामात, घरी सून एकटी. तिने सांगितलं, रविवारी सकाळी नवे बूट घालून अंगणात उभे राहिले, "देख के आता हूँ" म्हणाले, आणि गेले. कुठे, ते सांगितलं नाही. एवढं सांगून ती रडायला लागली.

त्या वर्षांत घरातून निघालेला माणूस चार दिवस आला नाही तर लोक त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलायला लागत. पोलीस चौकीत वय आणि बांधा लिहून घेतला आणि घरी जायला सांगितलं. कुलथेसाहेबांनी रजा टाकली आणि एकेक हॉस्पिटल पालथं घातलं. शुक्रवारी मी ऑफिसात नकाशे उघडून बसले आणि एकही वाचला नाही. शनिवारी सकाळी पाय आपोआप मार्केटकडे वळले.

शटर वर होतं. मास्टरजी चपलेत बसून कुणाचा तरी सोल शिवत होते. शेजारी त्यांचे नवे बूट, घोट्याच्या वरपर्यंत पांढरट चिखलाने माखलेले. चिखल वाळून तडकला होता आणि नाड्यांत बोरूच्या गवताची लांब पानं अडकली होती. चंदीगडच्या आसपास अशी माती मी कुठे पाहिली नव्हती; ती पार सरहद्दीकडच्या नदीकाठची असते.

मी उंबऱ्यातच खाली बसले. कुठे होता, मी विचारलं.

त्यांनी डावा बूट उचलून उजेडात फिरवला.

"नाप ठीक है," ते म्हणाले. "सिर्फ़ अंगूठे के पास ज़रा तंग है. वहाँ तेरी पेन्सिल तिरछी हो गई थी."

मग जमिनीवर कोरा कागद पसरला, त्यावर उभे राहिले, आणि पगडीतली पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली.

"इस बार सीधी पकड़ना, बेटी."