उद्याचा आकडा

चौतीस वर्षं त्यांनी कापडाच्या कारखान्यातला बॉयलर सांभाळला. वाफेच्या दाबाचा काटा बघायचा, लोखंडी जिना चढून पाण्याची पातळी बघायची, खाली येऊन रजिस्टरात आकडे लिहायचे. एका पाळीत सोळा वेळा. सगळे त्यांना काटेसाहेब म्हणत. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. आता खुर्ची ते खिडकी सात पावलं, खिडकी ते खुर्ची सात. गुडघे धरले होते, पोट सुटलं होतं, आणि जन्मात कधी कुणी न मोजलेला रक्तदाब वर चढून बसला होता.

अशात कारखान्यातून निरोप आला, तीन महिन्यांसाठी बदली माणूस हवाय. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर सकाळ-संध्याकाळ दाब मोजून लिहा. आकडे ठीक असले तर कामावर जायचा दाखला देतो."

काटेसाहेबांनी पट्टी घेऊन वही आखली.

महिना भरत आला तेव्हा एका सकाळी सुनेने वही उघडली.

"बाबा, संध्याकाळचं आत्ताच मोजलंत?"

"हं."

"आणि उद्याचं?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "ह्यांचं रक्त घड्याळाच्या पुढे धावतं गं. एरवी आंघोळीला हाका मारून माझा घसा बसतो."

काटेसाहेब हसले नाहीत. पाळी सुरू होतानाच पुढचे आकडे भरून टाकायची रीत बॉयलरवर सगळ्यांचीच होती. "नीट राखलेल्या बॉयलरचा काटा हलत नाही," ते म्हणाले.

सुनेने त्यांच्या दंडाला दाब मोजायच्या यंत्राचा पट्टा गुंडाळून बटण दाबलं. पट्टा फुगला, आवळत गेला. एकशे अठ्ठ्याहत्तर.

"यंत्र बिघडलंय."

दुसऱ्यांदा एकशे ब्याऐंशी.

"अगं, कामावर गेलो की उतरेल तो. वही आहे तशीच दे ना डॉक्टरांना."

"आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर चक्कर आली तर, बाबा?"

काटा लाल रेघेपुढे गेला की आग कमी करायची, वाफ सोडायची. हे त्यांना झोपेतही जमलं असतं. इथे सोडायला झडपच नव्हती.

सुनेने आगाऊ भरलेले आकडे खोडून आत्ताचा खरा लिहिला. त्यांनी त्याच्याखाली बोट ठेवलं.

"सही कर. ज्यानं वाचला त्यानं सही करायची."

तिने केली.

"पुढचा कधी?"

"संध्याकाळी सहाला."

बाही खाली न ओढताच ते घड्याळाकडे तोंड करून बसले. साडेआठ वाजले होते.