गल्ली न फोडता

टोकेकरसाहेबांच्या मनमिळाऊ स्वभावावर चार शब्द लिहावेत, असं गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला सुचवलं. क्षमा असावी. अविनाशराव टोकेकर मनमिळाऊ नाहीत. आज साठी पूर्ण करताना नाहीत आणि आमची पहिली भेट झाली तेव्हाही नव्हते.

मी नागपूरहून बदली होऊन बनारसला आलो, तेव्हा मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत विजेच्या केबलसाठी नळी टाकायची होती. साहेब एका ओट्यावर चहा पीत बसले होते. काम कधी सुरू करायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "अजून पुष्कळ घरांचा चहा बाकी आहे."

आमचं काम असं: गल्लीच्या दोन्ही टोकांना खड्डे घ्यायचे, जमिनीखालून आडवं ड्रिल करायचं आणि त्या भोकातून नळी ओढून घ्यायची. मधल्या फरशीला धक्का लागत नाही. पण इथल्या जुन्या घरांखाली कुठे तळघर आहे, कुठे बुजवलेली मोरी आहे, हे नकाशात नसतं. घरच्यांनाच ठाऊक असतं. म्हणून साहेब दारोदार जाऊन विचारत. ऑफिसात या प्रकाराला 'चाय सर्वे' म्हणून हसत. हसोत बापडे.

गल्लीतल्या मोघेकाकूंच्या घराला तेवढं कुलूप होतं. काकू लेकीकडे पुण्याला गेल्या होत्या. आत काही नाही, असं शेजाऱ्यांनी सांगितलं आणि ड्रिल सुरू झालं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या बंद दाराखालून राखाडी गारा वाहू लागला. ड्रिल सुरळीत चालावं म्हणून भोकात जो गारा सोडतात, तोच हा. ठेकेदार हळूच म्हणाला, "साहब, घर में कोई है नहीं। बाहर से धो देते हैं, किसको पता चलेगा?"

"हमको पता चल गया ना," साहेब म्हणाले. "मशीन बंद करो।"

त्यांनी सगळ्यांसमोर काकूंना फोन लावला. काकू म्हणाल्या, "अरे अविनाश, कोठीत कुआ आहे ना! सासूबाईंनी पटिये टाकून बंद केलेला. चाबी बाजूच्या शुक्लाजींकडे आहे, खोलून बघून घे."

विहिरीच्या भिंतीला ड्रिल घासलं होतं. नळी ओढली असती तर वरची खोली खाली आली असती. साहेबांनी रॉड मागे घेतले आणि ते भोक भरून टाकायला लावलं. आम्ही मात्र दिवस मोजू लागलो, कारण या केबलचं उद्घाटन तोंडावर आलं होतं.

वरून हुकूम आला, ड्रिल जमत नसेल तर गल्ली खोदा. गल्ली खोदली की ती महिना-दोन महिने बंद. म्हाताऱ्यांनी पंचगंगा घाटावर कसं जायचं? तिरडी मणिकर्णिकेला कुठून न्यायची? भरल्या बैठकीत साहेब म्हणाले, "गली नहीं खुदेगी। खोदनी है तो दस्तखत किसी और से लीजिए।" उद्घाटन पुढे गेलं, साहेबांची बढती कायमची गेली. नंतर आम्ही अधिक खोलवरून, विहिरीला वळसा घालून नळी सुखरूप पार केली.

तेव्हापासून त्यांना 'अडेल' ही पदवी मिळाली. हो, आहेत ते अडेल. मला त्याचा अभिमान वाटतो.

पुढे माझे वडील इथेच वारले. त्यांना आम्ही त्याच गल्लीतून नेलं. साहेबांनी खांदा दिला होता आणि वाटेत एकदाही तिरडी खाली ठेवावी लागली नाही. मी तोंडाने कधी आभार मानले नाहीत, आज मानतो.

चौकापलीकडची गल्ली अजून बाकी आहे. टोकेकर रिटायर झाले, आता ती सरळ खोदून टाकू, असं काहीजण बोलू लागले आहेत. समारंभात तेही हार घेऊन येतील. त्यांच्या माहितीसाठी सांगतो, साहेबांच्या खुर्चीवर आता मी बसतो.

साहेबांना शतायुष्य लाभो. त्यांचे गुडघे शाबूत राहोत आणि रोज सकाळी ते आपल्या पायांनी घाटावर जावोत. वाट आम्ही खोदू देणार नाही.