चाकाखालचा दगड

जयवंतचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत नळाला पाणी तेव्हा येतं. घरातली पिंपं भरली की तो खाली उतरून टॅक्सी धुतो. आधी टप, मग काचा, शेवटी चाकं. फडकं एकदाच फिरवतो, पण दाबून. मी जन्मभर गोदीत गोणी उचलल्या, कामचुकार हात मला लांबून ओळखू येतो. जयवंतचा हात तसा नाही.

एकच काम तो टाळत होता. टॅक्सीचा हँडब्रेक मेला होता. मी सांगितलं की म्हणायचा, "पायाचा आहे ना, रामू."

त्या दिवशी अकराला टॅक्सीचं पासिंग होतं. सरकारी तपासणीत गाडी पास झाली तर धंदा, नाहीतर टॅक्सी चाळीसमोर उभी. त्याने काळापिवळा रंग नव्याने मारून घेतला होता. जाता जाता फणसवाडीतल्या बेबीकाकींना परळच्या डॉक्टरकडे सोडायचं होतं. त्यांचे गुडघे गेलेत. दर आठवड्याला आम्ही दोघं त्यांना खुर्चीत बसवून तीन जिने खाली आणतो.

फणसवाडीत गाडी लावायला जागा नाही. दुसऱ्याच्या गाडीपुढे लावायची, ती न्यूट्रलमध्ये ठेवायची, हँडब्रेक ओढायचा नाही. ज्याला बाहेर पडायचं तो ढकलतो. तिथे गल्लीला उतार आहे, डोळ्यांना दिसत नाही पण चाकांना कळतो. म्हणून भिंतीशी एक दगड असतो. गाडी लावणाऱ्याने आणि ढकलणाऱ्यानेही तो चाकाखाली सारायचा, ही तिथली रीत.

आम्ही खुर्ची घेऊन दुसऱ्या जिन्यावर होतो तेव्हा खालून काच फुटल्याचा आवाज आला. खुर्ची मध्येच टाकता येत नाही. पायरी पायरी करत उतरलो.

टॅक्सीचा मागचा दिवा फुटला होता. मागच्या पांढऱ्या गाडीचा पुढचा दिवाही. गाडी विक्रांतची. जन्म फणसवाडीतला, आता राहतो ठाण्याला, आईला भेटायला येतो. टॅक्सी पुढे ढकलून तो आपल्या गाडीत जाऊन बसला होता. टॅक्सी परत मागे आली.

"हँडब्रेक लावता येत नाही?" विक्रांत म्हणाला. "लायसन कुठे वाटत होते?"

"इथे कोणी लावत नाही," जयवंत म्हणाला. "ढकललीस तर दगड कोण लावणार, माझा बाप?"

"अरे-तुरे नको."

"बरं, साहेब. दगड कोण लावणार होतं, साहेब?"

बेबीकाकी गल्लीत खुर्चीवर होत्या. "विक्रांत, याच दगडावर बसून तू गोट्या खेळायचास. विसरलास होय?"

"काकी, तुम्ही मध्ये पडू नका."

"मी कुठे पडतेय? मला तर उठतासुद्धा येत नाही."

दोन खिडक्यांतून लोक हसले. विक्रांतचे कान लाल झाले.

"माझं अकराला पासिंग आहे," जयवंत म्हणाला. "दिवा भरून दे, मी निघतो."

हे बोलायला नको होतं. विक्रांतने टॅक्सीचं दार उघडलं, वाकून हँडब्रेक ओढला. दांडा वरपर्यंत आला आणि सोडल्यावर आपोआप खाली पडला. त्याने पुन्हा ओढला. या वेळी मोबाईलवर व्हिडिओ घेत.

"पासिंग ना? हाच दाखवतो त्यांना. रीत म्हणे इथली."

जयवंतने त्याची मनगटं धरली. मी मध्ये शिरलो. ताकद माझ्यात अजून आहे, पण त्या दोघांना वेगळं करायला ती पुरली नाही. काकींनी काठी गाडीच्या बॉनेटवर आपटली तेव्हा दोघं सुटले.

"दाखव," जयवंत म्हणाला. "तुझ्या गाडीचा दिवा मी भरून देणार नाही."

"बघतोच तुझी टॅक्सी कशी चालते ती."

काकींना परळला सोडलं. त्यानंतर जयवंत गाडी चालू ठेवून बराच वेळ सिग्नलपाशी बसला. मागचे हॉर्न मारत होते.

"तुला माहीत होतं," तो मला म्हणाला.

"गणपतीपासून सांगतोय."

"जोरात सांगायचं."

त्याने टॅक्सी पासिंगला नेली नाही, लालबागला मेकॅनिककडे घातली. व्हिडिओची भीती होतीच. पण वाटेत तो एवढंच म्हणाला, "काकी खाली असत्या तर?"

नव्या केबलचे पैसे जमेपर्यंत आणि पासिंगची नवीन तारीख मिळेपर्यंत टॅक्सी चाळीसमोर उभी राहिली. जयवंतने तोवर ओळखीच्या गंगाधरची टॅक्सी नाइटला चालवली. तरीही रोज पहाटे चारला पाणी भरलं आणि उभी असलेली आपली टॅक्सी धुतली.

पुढच्या आठवड्यात गंगाधरच्या टॅक्सीने फणसवाडीत गेलो तर विक्रांतची गाडी तिथेच, हँडब्रेक लावलेली. ढकलून हलेना, टॅक्सी आत घेता येईना. काकींची खुर्ची नाक्यापर्यंत उचलून न्यावी लागली. दगड भिंतीशी नव्हता.

त्या रात्रपाळ्यांच्या कमाईतून हँडब्रेकची केबल आली आणि मागचा लाल दिवा आला. विक्रांतच्या दिव्याला त्यातला एक रुपयाही गेला नाही.