तसबिरीखालचा 'चालक'

चळवळीची गाणी तुम्ही छाती फुगवून गाता. पण त्यांच्या चाली कोणी बांधल्या, हे कधी विचारलंत? आमच्या पांढुर्ण्यात त्या बांधल्या सुखदेव मास्तरांनी. सुरांनी इतका पछाडलेला माणूस नागपूर ते इटारसी दुसरा झाला नसेल. जिनिंग मिलच्या पट्ट्याच्या फटफट आवाजावर ते रस्त्यात उभे राहून ठेका धरत. संत्रेवाल्याची हाक बेसूर लागली, तर त्याची टोपली खाली ठेवायला लावत. "संत्री मंग विक, आधी सूर धर!" आणि तो बिचारा धरीही. एकदा माझं भाषण ऐन रंगात असताना उठून म्हणाले, "पोरा, मजकूर जहाल आहे, पण सम चुकून राहिली." मी कोणत्याही पुढाऱ्यापुढे दबलो नाही, त्या दिवशी मुकाट खाली बसलो.

एकच गोष्ट त्यांना सलत असे. शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. चाल बांधणाऱ्याला कडवं नसतं. गावोगावच्या गायकांनी त्यांच्या चाली उचलल्या, नाव कोणीच घेतलं नाही. मास्तरांचा आवाज पार फाटला, तेव्हा कुठे आमच्या बुद्धविहाराच्या मंडळाला जाग आली. मास्तरांची तसबीर लावायची आणि खाली नाव व 'चालकार' असं लिहायचं ठरलं.

काम सौंसरच्या पेंटरकडे गेलं. त्याची हयात पाट्या आणि बसगाड्या रंगवण्यात गेलेली. मास्तरांना त्याने समोर बसवलं, पण ते काही स्थिर बसेनात.

"मास्तर, हलून काऊन राहिले तुम्ही?"

"अबे, मी कुठं हलतो? ताल हलून राहिला!"

शेवटी त्याने ताल देणारा हात हवेतच रंगवला. तसबिरीवरचा पडदा सरला आणि मी थक्क झालो. अर्धे मिटलेले डोळे, मानेची ताणलेली शीर. आता गातील असंच वाटलं. खाली मात्र ठळक अक्षरांत होतं : 'सुखदेव मास्तर, चालक'.

विहारात हशा पिकला. "मास्तर, गाडी कोणत्या रूटवर आहे जी?"

पेंटर रडकुंडीला आला. "बसमध्ये चालकच लिहितो ना जी मी, हात तिकडंच वळला." टर्पेंटाइनचा बोळा घेऊन तो धावला. मास्तरांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. लोक विचारतील, हा बुवा काय चालवत होता? मंग तुम्हाले सांगाच लागेल."

आणि त्याच फाटक्या आवाजात त्यांनी एक ओळ उचलली. हसणाऱ्यांच्या माना खाली गेल्या.

आता मास्तर नाहीत. तसबिरीपुढे लोक थबकून विचारतात, मी सांगतो. पण कितीतरी चाली त्यांच्याबरोबरच गेल्या. तुमच्या वस्तीतही असा एखादा म्हातारा असेल. कोणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणा, आजच त्याच्यापुढे जाऊन बसा. आधी त्याला स्वतःचं नाव सांगायला लावा. मग गाऊ द्या.